उसन्या शब्दांची प्रार्थना



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. उपवासकाळ सुरू होता. होळीसाठी ऊसतोडीहून परत आलेली कुटुंबे पुन्हा रविवारच्या मिस्साला दिसू लागली होती. दिवाळीनंतर आपले चर्च कसे रिकामे होते आणि होळीच्या सुमारास कसे पुन्हा भरते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षी परत आलेल्यांत एक तरुण आई होती. तिचे नाव इथे देत नाही. जाताना तिच्या कडेवर बाळ होते, येताना नव्हते. उसाच्या फडाजवळच्या कोपीत बाळाला ताप भरला आणि दोन दिवसांत ते गेले. त्याला तिकडेच मूठमाती द्यावी लागली.

ही बाई पूर्वी आमच्या गायनमंडळाच्या मागेच बसायची. प्रतिसाद स्तोत्राच्या वेळी तिचा आवाज आम्हांला पाठीमागून आधार द्यायचा. आता ती येत होती, गुडघे टेकत होती, कम्युनियन घेत होती. पण स्तोत्राच्या वेळी तोंड उघडत नव्हती. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी त्या वर्षी स्तोत्र २३ होते. मेंढपाळाचे हे स्तोत्र आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. त्या दिवशीही ती गप्पच.

मिस्सा संपल्यावर मी तिला विचारले. मी शाळेत शिक्षक होतो, गायनमंडळ सांभाळतो, त्यामुळे असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे असे मला वाटले. तिने आपल्या बोलीत जे सांगितले त्याचा अर्थ असा : "गुरुजी, देवाने माझं सगळं सांभाळलं असं मी कसं म्हणू? माझं तर गेलं. माणसांशी खोटं बोलते मी कधी कधी. देवाशी कशाला बोलू?"

मी म्हणालो, "म्हणत जा बाई. म्हणता म्हणता मन आपोआप लागेल." ती मान हलवून निघून गेली. घरी जाताना मला कळले की मी तिच्या प्रश्नाला उत्तर दिलेच नाही. ती मन लागत नाही असे म्हणत नव्हती. ती खरेखोटे विचारत होती. जे माझ्या मनात नाही ते देवापुढे गाऊन म्हणणे हे खोटे बोलणे आहे का? आज या प्रश्नावर आपण सर्वांनी मिळून थोडा विचार करावा, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तिचे गप्प राहणे हा विश्वासाचा अभाव नव्हता. उलट, देव ऐकतो असे तिला वाटत होते म्हणूनच ती शब्द जपून वापरत होती. ज्याला देव ऐकतच नाही असे वाटते, तो काहीही गाईल. त्याचे काय जाते? प्रभू येशूनेही यशया संदेष्ट्याची आठवण देऊन, ओठ देवाजवळ आणि अंतःकरण दूर अशा लोकांना बजावले होते (मार्क ७). तेव्हा ओठ आणि अंतःकरण यांची ताटातूट ही साधी गोष्ट नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. आठवड्यात सर्वच्या सर्व १५० स्तोत्रे म्हटली जावीत असे त्यांत आहे आणि त्यापुढच्याच प्रकरणात, स्तोत्र म्हणताना मनाचा सूर आवाजाशी जुळलेला असावा असेही सांगितले आहे. म्हणजे नुसती संख्या भरून भागत नाही, हे त्यांनाही माहीत होते.

पण मग आपण काय करावे? ज्या रविवारी मन आनंदी असेल त्याच रविवारी आनंदाचे स्तोत्र गावे आणि इतर वेळी गप्प बसावे का? तसे केले तर चर्चमध्ये दर रविवारी अर्धे लोक गप्प राहतील. कोणाची मिरची पावसात भिजलेली असते, कोणाच्या घरी आजारी माणूस असते, कोणाचे भावाशी शेताच्या बांधावरून भांडण झालेले असते. आणि स्तोत्र तर आपल्याला विचारून निवडलेले नसते. ते त्या रविवारसाठी आधीच ठरलेले असते. पंजाबात असो, पोलंडमध्ये असो, त्या दिवशी सगळीकडे तेच स्तोत्र.

हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना या रूपात पडला नसता. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि वाचनांमधील स्तोत्राच्या ओळी गायनमंडळ लॅटिनमध्ये गाई. लोक ऐकत, पण त्यांच्या तोंडी ते शब्द नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरील आपला दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषेला दार उघडले. पुढे १९६९ साली मिस्सातील वाचनांचा नवा क्रम आला. त्यात पहिल्या वाचनानंतर स्तोत्र आणि त्याला लोकांनी द्यायचा प्रतिसाद अशी रचना झाली. आता स्तोत्र वाचनपीठावरून गायले जाते, पण उत्तर आपल्या तोंडून जाते. ही मोठी देणगी आहे. पण देणगीबरोबर जबाबदारीही आली. जे शब्द आपण स्वतः उच्चारतो, ते खरे आहेत का असे कोणीही आपल्याला विचारू शकते. त्या आईने तेच विचारले.

स्तोत्रे इतर शास्त्रवचनांहून वेगळी आहेत, हे चौथ्या शतकातील संत अथानासियस यांनी मार्सेलिनस नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात छान समजावले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बायबलमधील इतर पुस्तकांत आपण मोशेचे, संदेष्ट्यांचे शब्द त्यांचे म्हणून ऐकतो. स्तोत्र म्हणताना मात्र ते शब्द म्हणणाऱ्याचे स्वतःचे होतात. स्तोत्रे आरशासारखी आहेत, म्हणणारा त्यांत आपल्या जिवाची हालचाल पाहतो. हे खरे आहे. पण त्या आईचा प्रश्न याच्याही पुढचा होता. आरशात मला माझा चेहरा दिसलाच नाही तर?

बंधुभगिनींनो, उसने शब्द ही आपल्यासाठी काही नवी गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. आपल्यापैकी कितीतरी जण घरी मावची, भिली, पावरी किंवा कोकणी बोलतात. कोणाच्या घरी अहिराणी आहे. मराठी आपण शाळेत शिकलो आणि चर्चमध्ये गातो. ती स्तोत्रे मुळात हिब्रू भाषेतली. तिथून ती ग्रीकमध्ये गेली, संत जेरोम यांच्या काळी लॅटिनमध्ये स्थिरावली, आणि कितीतरी हातांतून मराठीत आली. मराठी ख्रिस्ती लोकांनीही नेहमी उसने घेतले आणि ते आपले केले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आलेले येशूसंघीय. त्यांनी ओवी उसनी घेतली आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगाची चाल ख्रिस्ताच्या पायी आणली. लहान मूल पहिल्यांदा 'आई' म्हणते तेव्हा तो शब्दही त्याने आईकडूनच घेतलेला असतो. म्हणून ती हाक खोटी ठरते का?

आता आपल्या गावातल्या दोन गोष्टी पाहू.

पहिली, जात्यावरची ओवी. आपल्या आज्या पहाटे दळताना गात. चाल एकच. त्याच चालीत माहेरचे कौतुक, त्याच चालीत सासरचा जाच, त्याच चालीत गेलेल्या लेकराची आठवण. एक बाई ओवी म्हणे आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली बाई ती उचलून धरी. दुसरीचे लेकरू घरात सुखरूप झोपलेले असे. तरी ती पहिलीच्या दुःखाची ओवी म्हणे. ती खोटे बोलते आहे असे कोणालाही वाटत नसे. जाते एकटीने ओढले तर जड जाते, दोघींनी ओढले तर हलके होते, एवढेच त्या दोघींना ठाऊक असे.

दुसरी गोष्ट मयताची. आपल्या पाड्यांवर कोणी गेले की शेजारच्या बाया येतात आणि सूर धरून रडतात. त्यांतली प्रत्येकजण काही सख्खी नसते. एखादीची तर मेलेल्या माणसाशी ओळखही जुजबी असते. शहरातला माणूस म्हणेल, हे रडणे वरवरचे आहे. पण ज्या घरात मयत झाले त्या घरच्या बाईला विचारा. तिला माहीत असते की आपल्या गळ्यातून आवाज फुटत नव्हता, तेव्हा या बायांनी आपले रडणे आपल्यासाठी उचलून धरले होते.

या दोन्ही ठिकाणी शब्द उसने आहेत, भावनासुद्धा काही अंशी उसनी आहे. तरी त्यात खोटे काही नाही. का? कारण गाणारी बाई "हे माझे दुःख आहे" असा दावा करीतच नाही. ती म्हणते, "हे तुझे आहे आणि मी तुझ्याबरोबर आहे."

ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी हीच आहे. धर्मगुरू आणि धर्मभगिनी रोज सकाळ-संध्याकाळ जी प्रहरांची प्रार्थना म्हणतात, तिच्यात मुख्यतः स्तोत्रेच असतात. त्या प्रार्थनेविषयीच्या १९७१ सालच्या सूचनांत १०८ व्या परिच्छेदात हा प्रश्न सरळ घेतला आहे. मन दुःखी असताना आनंदाचे स्तोत्र आले किंवा मन आनंदी असताना विलापाचे स्तोत्र आले तर काय, असा तो प्रश्न. उत्तर असे की स्तोत्र म्हणणारा ते केवळ स्वतःच्या नावाने म्हणत नाही, तर ख्रिस्ताच्या सबंध शरीराच्या नावाने म्हणतो. त्या शरीरात कोणीतरी रडत असतेच आणि कोणीतरी हसत असतेच. संत पौलाने रोमकरांना हसणाऱ्यांबरोबर हसायला आणि रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगितले आहे, त्याचीच ही उपासनेतली आवृत्ती. संत ऑगस्टीन यांनी स्तोत्रांवर केलेल्या प्रवचनांतही हाच धागा पुन्हा पुन्हा येतो : स्तोत्रात मस्तक असलेला ख्रिस्त बोलतो आणि त्याचे अवयव असलेले आपणही बोलतो, दोघांचा आवाज एक.

आणि प्रभू येशूने स्वतः काय केले? वधस्तंभावर, जिथे माणसाला फक्त स्वतःचे शब्द सुचावेत, तिथे त्याने उसने शब्द घेतले. मार्क आणि मत्तय सांगतात की त्याने स्तोत्र २२ च्या आरंभीचा टाहो फोडला. देवाने आपल्याला का सोडले असे विचारणारे ते स्तोत्र आहे. लूक सांगतो की शेवटच्या श्वासाला त्याच्या ओठांवर स्तोत्र ३१ मधले शब्द होते. त्याच्या शेकडो वर्षे आधी कोणा एका पिडलेल्या माणसाने हे शब्द देवापुढे ठेवले होते. येशूने ते आपले केले. माणसाचे दुःख स्वतःच्या तोंडी घेणे ही गोष्ट त्याने फक्त शिकवली नाही, मरताना करून दाखवली.

हे मला पुस्तकात वाचून कळले असे नाही. त्याच वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी कळले. त्या रविवारी दरवर्षी स्तोत्र २२ असते. आदल्या रात्री मला फोन आला होता की मी आजोबा झालो. नातू झाला होता, आई-बाळ सुखरूप होते. सकाळी मी वाचनपीठापाशी उभा राहिलो तेव्हा मनात नुसता आनंद होता. आणि गायचे होते हाडे निखळलेल्या, लोकांनी हिणवलेल्या, कपडे वाटून घेतले गेलेल्या माणसाचे स्तोत्र. पहिली ओळ गाताना मला तिचे शब्द आठवले. आज मीच देवाशी खोटे बोलत होतो. माझ्या मनात यातले काहीही नव्हते.

आणि मग लोकांच्या प्रतिसादात पाठीमागून तिचा आवाज आला. बारीक, पण सुरात. सोडून दिल्याचा तो प्रश्न ती विचारत होती. तेव्हा मला समजले की हे स्तोत्र आज माझे नाही, तिचे आहे, आणि ते तिला म्हणता यावे म्हणून माझा गळा वापरला जातो आहे. मी त्या दिवशी तिच्या शेतात कामाला होतो. आपल्याकडे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात असे करून पेरणी उरकतात ना, तसे. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुझे पीक नसताना तू का वाकतोस.

१५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात उजाडतच नाही. देवाने आपल्या लोकांच्या हाती दिलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकात इतके रडणे ठेवले आहे, याचा अर्थ काय? देवापुढे फक्त गोड बोलावे असा नियम नाही, हा अर्थ. तिला मी हे सांगायला हवे होते. "म्हणता म्हणता मन लागेल" असे म्हणण्याऐवजी मी म्हणायला हवे होते, "बाई, तुझेही स्तोत्र आहे. ते येईल. तोवर तू गप्प राहिलीस तरी चालेल, आम्ही आहोत."

आता कोणी विचारील, मग राग आणि शाप यांचे काय? ते दुसऱ्याच्या नावाने तरी गावेत का? हा प्रश्न खरा आहे. बाबेलला नेलेल्या बंदिवानांचे स्तोत्र १३७ घ्या. परक्या मुलखात नदीकाठी बसून ते रडतात. जिंकणारे त्यांना गाणे म्हणायला सांगतात आणि त्यांच्या तोंडून ते निघत नाही. आपल्या जिल्ह्यात हे स्तोत्र समजावून सांगावे लागत नाही. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली आणि नर्मदाकाठची कितीतरी माणसे डोंगर सोडून तळोद्याकडच्या सपाटीवर वसवली गेली. नदी, झाड, पूर्वजांची जागा मागे राहणे म्हणजे काय ते आपण जाणतो. पण याच स्तोत्राचा शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयी इतका भयंकर आहे की वाचताना जीभ अडखळते. पोप पॉल सहावे यांनी १ नोव्हेंबर १९७० रोजी प्रहरांच्या प्रार्थनेची नवी मांडणी मंजूर केली, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे तीतून वगळण्यात आली आणि १३७ च्या शेवटासारख्या काही ओळीही गाळण्यात आल्या. असे शाप ओठांवर घेणे आजच्या प्रार्थना करणाऱ्याला जड जाते, हे त्यामागचे कारण. बायबलमधून मात्र ती काढलेली नाहीत. याविषयी जाणकारांत दोन मते आहेत. काही म्हणतात, पिडलेल्याचा राग देवापुढे यायलाच हवा, तो लपवला तर घराघरांत बाहेर पडेल.

माझे मत असे. आपले बाळ गेलेल्या आईच्या तोंडी दुसऱ्या आईच्या बाळाचे मरण घालणे मला जमणार नाही, म्हणून चर्चमध्ये त्या ओळी न गाणे मला बरोबर वाटते. पण घरी, एकट्याने, राग अनावर झालेला असताना ते स्तोत्र उघडावे. त्या माणसाने राग कोणाकडे नेला ते पाहावे. तो कोयता घेऊन कोणाच्या दारात गेला नाही. त्याने तो देवाच्या हाती दिला आणि निवाडा त्याच्यावर सोडला. आपल्याकडे बांधाच्या भांडणातून काय काय झाले आहे ते आठवले, तर हा फरक लहान नाही.

तर मग स्तोत्र गाताना खोटे होते ते कधी? आमोस संदेष्ट्याने याचे उत्तर दिले आहे. पाचव्या अध्यायात देव लोकांच्या गाण्यांचा आणि वाद्यांचा कंटाळा आल्याचे सांगतो. त्यांचे सूर चुकत होते म्हणून नव्हे. गरिबाला लुबाडून ते गात होते म्हणून. येथे आपण स्वतःकडे पाहू या. देव गरिबाचा कैवारी आहे असे मी रविवारी गातो आणि सोमवारी माझ्या शेतात निंदणी करणाऱ्या बाईची मजुरी पुढच्या आठवड्यावर ढकलतो, तर ते गाणे खोटे. देव अनाथाचा बाप आहे असे गातो आणि भावाच्या पोरक्या मुलांची जमीन आपल्या नावावर करून घेतो, तर ते गाणे खोटे. भावना नसताना गाणे आणि गाण्याच्या विरुद्ध वागणे यांत फार अंतर आहे. पहिली आपली दुर्बलता आहे आणि देव ती चालवून घेतो. दुसऱ्याला मात्र तो गोंगाट म्हणतो.

त्या आईच्या बाबतीतही हीच कसोटी. आम्ही तिच्यासाठी स्तोत्र २२ गायलो खरे. पण गाऊन घरी गेलो आणि तिच्या दारात कोणी गेलेच नाही, तर "आम्ही तुझ्या नावाने गायलो" हे वाक्य हवेत विरेल. सांगायला समाधान वाटते की आपल्या काही भगिनी त्या आठवड्यात तिच्याकडे गेल्या, बसल्या आणि फारसे बोलल्या नाहीत. ज्वारीचे पीठ आणि डाळ ठेवून आल्या. माझ्या समजुतीप्रमाणे त्या रविवारचा प्रतिसाद तिथे पूर्ण झाला.

जाता जाता आम्हां गाणाऱ्यांसाठी दोन शब्द. स्तोत्र कसे गावे हेही या प्रश्नाशी जोडलेले आहे. हिब्रू स्तोत्रांत यमक नसते. ओळीचे दोन भाग असतात. पहिला भाग काही म्हणतो, दुसरा ते वेगळ्या शब्दांत उचलून धरतो. म्हणून जुन्या पद्धतीत बहुतेक शब्द एकाच स्वरावर म्हणतात. मध्यावर आणि शेवटी सूर थोडा वळतो. ओळ लांब असो वा आखूड, चालीत बसते. मध्ये क्षणभर थांबतात. चाल इतकी साधी का? जात्यावरच्या ओवीची चाल साधी असते त्याच कारणाने : प्रत्येकाच्या सुखदुःखाला तीत जागा असावी. चाल सिनेमासारखी भरगच्च झाली की ती गायकाची होते, लोकांना ऐकत बसावे लागते. संत ऑगस्टीन यांना मिलान शहरात स्तोत्रे ऐकून रडू कोसळले होते. तिथे ३८६ च्या सुमारास राजसत्तेने चर्च मागितले, तेव्हा संत अँब्रोज यांच्यासह लोक आत जागत बसले होते आणि त्यांचा धीर खचू नये म्हणून पूर्वेकडील रीतीप्रमाणे गाणे सुरू झाले होते. त्याच ऑगस्टीन यांनी पुढे कबूल केले की कधी कधी शब्दांपेक्षा सूरच मला जास्त हलवतो आणि तेव्हा माझे चुकते. अथानासियस तर वाचकाला इतका कमी सूर लावायला सांगत की ते गाण्यापेक्षा बोलण्याजवळ जाई. आपण इतके कडक होऊ नये. ढोलक असावी, टाळ असावेत. पण ज्याला रडू आवरत नाही त्यालाही प्रतिसाद देता यावा, एवढे भान ठेवून चाल लावावी.

आता शेवट सांगतो. झावळ्यांच्या रविवारी स्तोत्र २२. शुभ शुक्रवारी स्तोत्र ३१. आणि पुनरुत्थानाच्या रविवारी स्तोत्र ११८, आनंदाचे. आठ दिवसांत ख्रिस्तसभा आपल्याला एवढा प्रवास करायला लावते. त्या पास्काच्या सकाळी आपले चर्च भरले होते, मुलांनी नवे कपडे घातले होते. ती आई तिच्या नेहमीच्या जागी होती. स्तोत्र ११८ सुरू झाले. मी कान देऊन ऐकत होतो. ती गायली नाही. हालेलुया झाले तेव्हाही ती गप्प होती. पण तिने मान खाली घातली नव्हती, ती आमच्याकडे पाहत होती.

मला वाईट वाटले नाही. आठ दिवसांपूर्वी मी तिचे रडणे उचलले होते, आज आम्ही तिच्या वाटचा आनंद सांभाळून ठेवत होतो. आनंदाचे गाणे ती पुढे केव्हा म्हणेल ते तिचे तिला आणि देवाला ठाऊक. ते पडून राहू नये, कोणीतरी म्हणत राहावे, एवढे आपले काम.

म्हणून येत्या रविवारी प्रतिसाद देताना आपल्या आजूबाजूला पाहा. कोणी गप्प असेल तर त्याला कोपर मारू नका, मिस्सानंतर त्याला समजावू नका. त्याच्या वाटचे शब्द थोड्या मोठ्याने म्हणा. आणि आठवड्यात केव्हातरी त्याच्या घरी जाऊन या.